'द दा विंची कोड' : वाचक काय म्हणतात आणि त्यात तथ्य किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डॅन ब्राउनची ही कादंबरी मार्च २००३ मध्ये अमेरिकेत आली आणि पहिल्याच आठवड्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या यादीत अव्वल ठरली. २००९ पर्यंत जगभरात तिच्या आठ कोटींच्या आसपास प्रती खपल्या होत्या. आजही तिच्याबद्दल विचारलं की दोनच प्रकारची उत्तरं मिळतात : "रात्र जागून संपवली" नाहीतर "निम्म्यात टाकून दिली". गंमत अशी की दोन्ही बाजू बोट ठेवतात ते पुस्तकातल्या त्याच त्याच गोष्टींवर. कोड्यांची उत्तरं खाली मध्ये मध्ये येतील. सूत्रधार कोण हे मात्र 'उलगडा' असं लिहिलेल्या प्रश्नातच आहे. पुस्तक वाचायचं असेल तर तेवढा प्रश्न सोडून पुढे जा.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रात्री पावणेअकराच्या सुमारास तिथले प्रमुख जाक सोनिएर यांना गोळी लागते. मरण्याआधी ते स्वतःचा देह लिओनार्दोच्या 'विट्रुव्हियन मॅन'सारखा (वर्तुळात हातपाय पसरलेल्या माणसाचं रेखाचित्र) मांडतात आणि शेजारी जमिनीवर काही आकडे व दोन विचित्र ओळी लिहून ठेवतात. त्या शाईचा मजकूर फक्त अतिनील दिव्याच्या ('ब्लॅक लाईट') प्रकाशात दिसतो. पोलीस हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन यांना हॉटेलातून उठवून आणतात. सोनिएरची नात सोफी नव्हू पोलिसांच्या सांकेतिक लिपी विभागात असते. ती लँग्डनच्या कानावर घालते की तुम्हाला मदतीला नाही, संशयित म्हणून बोलावलंय. तिथून पळापळ सुरू. पॅरिस, लंडन, शेवटी स्कॉटलंड. जवळजवळ सगळं एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात घडतं.

वाचताना एवढा वेग का जाणवतो?

आधी साधा हिशेब बघा. साडेचारशेच्या आसपास पानं आणि प्रकरणं १०५, शिवाय सुरुवातीचा व शेवटचा भाग वेगळा. म्हणजे सरासरी चार-साडेचार पानांचं एक प्रकरण. काही तर पान-दीड पानातच आटोपतात. झोपायच्या आधी 'एवढं एक प्रकरण' म्हणणाऱ्याला ते इतकं लहान पडतं की पुढचं उघडलं जातंच.

दुसरं, गोष्टीचे तीन-चार धागे आलटून पालटून येतात : लँग्डन व सोफी, मारेकरी सायलस, पोलीस अधिकारी फाश, बिशप आरिंगारोसा. एका धाग्यात कोणी दार उघडलं की प्रकरण संपतं, आणि दारापलीकडे काय होतं हे कळायला मधली दोन प्रकरणं ओलांडावी लागतात.

पण खरी मेख आहे ती कोड्यांच्या जोडणीत. लूव्रमधला टप्पाच घ्या. जमिनीवरच्या दोन ओळींतली अक्षरं उलटसुलट लावली की 'लिओनार्दो दा विंची' आणि 'द मोना लिसा' ही नावं निघतात. मोना लिसापुढच्या काचेवर सहा शब्द लिहिलेले सापडतात. त्यातली अक्षरं पुन्हा जुळवली की 'मॅडोना ऑफ द रॉक्स' या दुसऱ्या चित्राचं नाव मिळतं. त्या चित्रामागे किल्ली. किल्लीवर बँकेचा पत्ता. बँकेत खात्याचा दहा आकडी क्रमांक विचारतात, आणि तो तर पहिल्यापासून मृतदेहाशेजारी लिहिलेला होता, फक्त क्रम विस्कटून. प्रत्येक उत्तर म्हणजे पुढच्या खणाची मूठ. वाचकाला उत्तर मिळाल्याचं समाधान आणि नवी उत्सुकता एकाच वाक्यात मिळते, त्यामुळे पुस्तक खाली ठेवायला फट सापडत नाही.

त्यात सोनिएरचे आकडे साधे आहेत. साबणाच्या वडीत पोलिसांचं माग काढणारं बटण खुपसून ती खिडकीतून जाणाऱ्या ट्रकवर फेकायची युक्तीही साधी आहे. ती वाचताना 'हे मलाही सुचलं असतं' असं वाटतं. ज्या रहस्यकथांत फक्त नायकच हुशार असतो त्यांपेक्षा ही अनेकांना जवळची वाटते ती यामुळे.

मग वाचकांचं घोडं नेमकं कुठे अडतं?

ग्रेलचा ध्यास घेतलेला अभ्यासक ली टीबिंग याच्या वाड्यावर. पन्नाशीपासून साठाव्या प्रकरणाच्या आसपास गोष्ट दिवाणखान्यात येऊन बसते आणि होली ग्रेल (येशूच्या शेवटच्या भोजनातला मानला जाणारा पेला), रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन, गॉस्पेल (येशूची चरित्रं) यांवर व्याख्यान सुरू होतं. टीबिंगचा दावा असा की ग्रेल म्हणजे पेला नाहीच, येशूची शिष्या मारी मग्दालेना; ती त्याची पत्नी होती आणि त्यांचा वंश चालू आहे. बाहेर पोलीस, आत प्रवचन. सोफी तज्ज्ञ असूनही शाळकरी मुलीसारखे प्रश्न विचारत राहते, कारण उत्तरं वाचकाला द्यायची असतात. पुस्तक निम्म्यात सोडणारे बहुतेक जण इथेच सोडतात. याच्या अगदी उलट, ज्यांना हे पुस्तक डोक्यात घर करून राहिलं त्यांना हीच प्रकरणं आठवतात. कंटाळा आलाच तर ही पानं चाळून विमानतळाच्या प्रसंगाकडे जा. कथानकाचा धागा सुटत नाही.

'लेखक फसवतो' अशी तक्रार का होते?

हातचं राखून ठेवणं हा रहस्यकथेचा धर्मच आहे, पण ते तीन प्रकारे करता येतं. पात्रालाच माहीत नसतं, हा पहिला प्रकार. त्यात कुणाची तक्रार नसते. पात्राला माहीत असतं पण आठवायचं नसतं, हा दुसरा. सोफीने काही वर्षांपूर्वी आजोबांच्या नॉर्मंडीतल्या घराच्या तळघरात जे पाहिलं ते लेखक तुकड्यातुकड्यांनी देतो. ताण जास्त वाटतो, तरी चालतं, कारण मुलगी खरोखरच त्या आठवणीपासून पळत असते.

तिसरा प्रकार टोचतो. आपण पात्राच्या डोळ्यांनी बघत असतो, त्याला वस्तू दिसते, तो दचकतो, आणि लेखक आपल्या तोंडावर दार लावतो. हे एकदा झालं तर मजा. विसाव्यांदा झालं की कुणीतरी खेळवतंय असं वाटू लागतं.

याच्याच जोडीला आणखी एक राग आहे : तज्ज्ञ मंडळी सोयीनुसार मठ्ठ होतात. विमानात एक मजकूर हाती लागतो. लँग्डन आणि टीबिंग दोघंही तो कुठली तरी सेमिटिक लिपी असेल म्हणून डोकं खाजवत बसतात. पान आपल्यासमोर छापलेलं असतं. लिओनार्दो उलटी, आरशातली लिपी लिहायचा हे लँग्डनला तोंडपाठ असायला हवं. अनेक वाचक पुस्तक आरशासमोर धरून त्याच्या आधी मोकळे होतात. सोफीच्या ध्यानात येईपर्यंत दोन पंडित ताटकळतात.

भाषा खरंच इतकी वाईट आहे का?

इंग्रजीत वाचलं तर हो, बरीच ठोकळेबाज आहे. पहिल्याच वाक्यात मरणाऱ्या माणसाला 'सुप्रसिद्ध' हे विशेषण चिकटवून आणलंय, वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेसारखं. लँग्डनचं रूप सांगायचं तर 'हॅरिस ट्वीडमधला हॅरिसन फोर्ड'. मनातले विचार तिरप्या अक्षरांत, पुन्हा पुन्हा. सलमान रश्दींनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका भाषणात या पुस्तकाची यथेच्छ खिल्ली उडवली होती.

तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. ही वाक्यं थांबून चाखण्यासाठी नाहीत, ओलांडण्यासाठी आहेत. एखादं सुंदर वाक्य आलं असतं तर वाचक तिथे रेंगाळला असता, आणि रेंगाळलेला वाचक शंका काढतो. म्हणून भाषेला दहापैकी चार आणि बांधणीला आठ गुण द्यावेत, असं आमचं मत.

सुरुवातीच्या 'तथ्य' पानावर लिहिलंय ते खरं आहे का?

भांडणाचं मूळ ते एक पान आहे. त्यावर तीन दावे आहेत : 'प्रायरी ऑफ सायन' (कथेत ग्रेलचं गुपित जपणारी) ही १०९९ मध्ये स्थापन झालेली खरी गुप्त संघटना आहे; 'ओपस देई' ही खरी कॅथलिक संघटना आहे; आणि पुस्तकातली कलाकृती, वास्तू, कागदपत्रं व गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत.

पहिला दावा साफ कोसळतो. प्रायरी ऑफ सायन नावाची संस्था १९५६ मध्ये फ्रान्समधल्या आनमास या गावात नोंदवली गेली. मागे होता पिएर प्लांतार. तिचा इतिहास मध्ययुगापर्यंत नेणारी, न्यूटन आणि लिओनार्दो यांना तिचे प्रमुख ठरवणारी 'गुप्त कागदपत्रं' १९६० च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवण्यात आली. ती प्लांतारच्या साथीदाराने, फिलिप द शेरिझेने, रचलेली होती. ग्रंथालयाच्या शिक्क्यानेच बनावट कागदांना वजन आलं.

दुसरा दावा अर्धा खरा. ओपस देई खरी आहे. होसेमारिया एस्क्रिव्हा यांनी ती १९२८ मध्ये स्पेनमध्ये सुरू केली. पण तिच्यात मठवासी साधू नसतात, त्यामुळे झगा घालून हिंडणारा 'ओपस देईचा साधू' सायलस मुळातच अशक्य. मांडीला बांधायचा काटेरी पट्टा ही गोष्ट मात्र ब्राउनने हवेतून काढलेली नाही. काही ब्रह्मचारी सदस्य तो दिवसातून ठरावीक वेळ बांधतात. पुस्तकातलं रक्तबंबाळ वर्णन ही वाढवलेली फोडणी.

तिसऱ्या दाव्याचं काय झालं ते पुढच्या प्रश्नात. इतकंच लक्षात घ्या की हे पान काढून टाकलं असतं तर निम्म्या टीकाकारांना हत्यारच उरलं नसतं. आणि निम्म्या वाचकांना थरारही.

वाचकांनी पकडलेल्या ठळक चुका कोणत्या?

लूव्रचा काचेचा पिरॅमिड : पुस्तकात ६६६ काचा, म्हणजे बायबलमधला सैतानी आकडा. प्रत्यक्षात ६७३, त्यांत ६०३ समभुज चौकोनी आणि ७० त्रिकोणी. ६६६ ची अफवा पिरॅमिड बांधला जात असतानापासूनची. ब्राउनने ती उचलली.

रेल्वे : लँग्डन आणि सोफी साँ-लाझार स्थानकावर लील या शहराची तिकिटं काढतात. लीलच्या गाड्या सुटतात गार द्यु नोर या स्थानकातून. दादरच्या माणसाला पुण्याची गाडी चर्चगेटला पकडायला सांगण्यासारखं आहे हे. पॅरिसकर वाचक यावर सगळ्यात जास्त हसतात.

साँ-सुल्पीस चर्चमधली पितळी रेषा : पुस्तकात ती पॅरिसची मध्यान्हरेषा (जुनी शून्य रेखांशाची रेषा), 'रोझ लाईन', आणि चर्च जुन्या मूर्तिपूजक मंदिरावर उभं. खरं तर ही रेषा अठराव्या शतकातल्या खगोलीय उपकरणाचा भाग. खिडकीतून येणारा सूर्यकिरण तिच्यावरून सरकतो आणि त्यावरून संपात (दिवस-रात्र समान असण्याचा दिवस) ओळखून ईस्टरची तारीख पडताळता येते. पॅरिसची मध्यान्हरेषा जवळून जाते, पण या रेषेवरून नाही. पर्यटकांची रांग लागल्यावर चर्चने तिथे खुलाशाचा फलकच लावला. खिडकीतली 'पी' आणि 'एस' ही अक्षरं म्हणजे पीटर आणि सुल्पीस हे दोन संत, प्रायरी ऑफ सायन नव्हे, हेही त्यावर लिहिलं.

निकियाची परिषद, इ.स. ३२५ : टीबिंग म्हणतो की येशूचं देवत्व तिथे थोडक्या मतांनी ठरलं आणि बायबलमधली पुस्तकंही तिथेच निवडली गेली. सुमारे तीनशे बिशपांपैकी ठरावावर सही करायला शेवटपर्यंत नकार देणारे दोनच होते. पुस्तकांची निवड हा त्या परिषदेचा विषयच नव्हता.

फिलिपचं गॉस्पेल : हा तपशील जरा थांबून बघण्यासारखा आहे. टीबिंग त्यातला उतारा वाचून दाखवतो की येशू मग्दालेनाच्या ओठांचं चुंबन घेत असे, आणि वर सांगतो की 'सहचारिणी' या शब्दाचा अर्थ अरामाईक भाषेत पत्नी असाच होतो. मूळ हस्तलिखित १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलं. ते कॉप्टिक भाषेत आहे, आणि 'सहचारिणी'साठी त्यात आलेला शब्द ग्रीकमधून घेतलेला आहे. अरामाईकचा संबंध नाही. आणि जिथे चुंबन कुठे घेतलं ते लिहिलेलं असायला हवं, नेमकं तिथे पपायरसला भोक पडलेलं आहे. 'ओठ' हा शब्द भोकात भरलेला अंदाज आहे.

स्कॉटलंडमधलं रॉसलिन चॅपल : १४४६ मध्ये टेम्पलर सरदारांनी, म्हणजे धर्मयुद्धं लढणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाने, बांधलं म्हणे. टेम्पलर संघ १३१२ मध्येच बरखास्त झाला होता. चॅपल बांधलं सर विल्यम सिंक्लेअर यांनी. पुस्तकात म्हटलेली, पावलांनी झिजून जमिनीवर उमटलेली षट्कोनी तारा तिथे नाही.

एका बाबतीत मात्र टीकाकारच घसरतात. सोफी लूव्रमध्ये 'मॅडोना ऑफ द रॉक्स' भिंतीवरून काढून ढालीसारखं धरते आणि गुडघ्याने कापड फाडायची धमकी देते. 'ते चित्र लाकडी फळीवर आहे, फाटेल कसं?' असं कुत्सितपणे लिहिणारे पुष्कळ. लिओनार्दोने ते फळीवरच रंगवलं होतं, पण १८०६ मध्ये रंगाचा थर कॅनव्हासवर उतरवण्यात आला. म्हणजे कापड वाकणं शक्य आहे. अडचण आहे ती आकाराची : चित्र सुमारे १९९ सेंटिमीटर उंच, १२२ रुंद, वर चौकट. एकट्याने पेलून त्यामागे उभं राहायचं तर सोफीला तालमीत जायला हवं.

लिओनार्दोच्या 'द लास्ट सपर' चित्रात येशूशेजारी, पुस्तक म्हणतं तशी, खरंच मारी मग्दालेना आहे का?

कलेतिहासकारांच्या मते ती व्यक्ती योहान. त्या काळी फ्लोरेन्सच्या चित्रकारांत योहानाला बिनदाढीचा, कोवळा, मान कललेला दाखवायची पद्धतच होती. शिवाय ती मग्दालेना मानली तर बारा शिष्यांतला योहान कुठे गेला, हा प्रश्न उरतो. पुस्तकातला सुरी धरलेला 'कोणाचाच नसलेला हात' पीटरचा आहे. मनगट उलटं वळवलंय म्हणून गोंधळ होतो.

दुसरी गोष्ट वाचक विसरतात. मिलानमधलं हे भित्तिचित्र लिओनार्दोने ओल्या गिलाव्यावर न काढता कोरड्यावर काढलं, त्यामुळे त्याच्या हयातीतच रंग सुटू लागले. १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षं दुरुस्ती चालली. आज चेहऱ्यावरची जी नाजूक रेषा बघून आपण तर्क लढवतो तिच्यात मूळ रंग किती थोडा उरलाय हे आधी बघायला हवं.

आकड्यांचं कोडं : फिबोनाची श्रेणी कशी काम करते?

१, १, २, ३, ५, ८, १३, २१. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. सोनिएर ते १३-३-२-२१-१-१-८-५ असे विस्कटून लिहितो, म्हणजे 'अक्षरंही विस्कटलेली आहेत, जुळवा' ही खूण. नीट क्रमाने लावले की ११२३५८१३२१, हाच खात्याचा क्रमांक.

इटालियन गणिती फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. त्याच्या आधी, सुमारे ११५० मध्ये, हेमचंद्राने हेच आकडे छंदशास्त्रात मांडले होते आणि विरहांकाने त्याहूनही आधी. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन; चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? लललल, ललगु, लगुल, गुलल, गुगु : पाच. पाच मात्रांची आठ प्रकारे, सहाची तेरा. मात्रावृत्तं शिकलेल्या कुणाही मराठी वाचकाला हा पडताळा बोटांवर करता येतो. ब्राउनच्या पुस्तकात याचा पत्ता नाही.

'क्रिप्टेक्स' लिओनार्दोने बनवला होता का?

नाही. गुप्त संदेश ठेवायच्या या कुलूपबंद नळीचा शब्द आणि वस्तू दोन्ही ब्राउनची. पाच फिरत्या कड्या, प्रत्येकीवर २६ अक्षरं, म्हणजे १,१८,८१,३७६ शक्यता. पुस्तक सुमारे एक कोटी वीस लाख म्हणतं ते बरोबर. जोर लावून फोडला तर आतली व्हिनेगरची काचनळी फुटते आणि पपायरसचा लगदा होतो, असा बेत.

हा भाग कच्चा आहे. पपायरस हा झाडाच्या देठांच्या पट्ट्या दाबून केलेला. व्हिनेगरमध्ये तो भिजेल, शाई पसरेल, पण क्षणात विरघळणार नाही. 'फ्रीझरमध्ये टाकून व्हिनेगर गोठवलं आणि मग फोडलं तर?' हा वाचकांचा लाडका प्रश्न. गोठताना व्हिनेगर फुगतं, त्यामुळे नळी तडकेल. पण बर्फ वाहत नाही, तेव्हा कागद वाचण्याची शक्यता बरी. पळापळीत फ्रीझर मिळाला असता तर पुस्तक शंभर पानांनी आटोपलं असतं.

कथाकल्पना चोरलेली आहे, असा खटला झाला होता ना?

हो. १९८२ मधल्या 'द होली ब्लड अँड द होली ग्रेल' या पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी मायकेल बेजंट आणि रिचर्ड ली यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. ब्राउनवर नव्हे, प्रकाशक रँडम हाऊसवर. आणि त्यांचं स्वतःचं पुस्तकही त्याच समूहाकडे होतं! ७ एप्रिल २००६ ला न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी दावा फेटाळला. इतिहास म्हणून मांडलेल्या सर्वसाधारण कल्पनांवर मालकी सांगता येत नाही, हा गाभा. २००७ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

ब्राउनने ऋण लपवलेलं नाही. टीबिंग ते पुस्तक कपाटातून काढून दाखवतो, आणि त्याचं नावच बेजंट व ली यांच्यावरून रचलंय : 'ली' सरळ, 'टीबिंग' म्हणजे बेजंटची रोमन अक्षरं उलटसुलट. न्यायमूर्तींनाही चेव आला. त्यांनी निकालपत्रातली काही अक्षरं तिरपी छापून त्यात आपलं स्वतःचं कोडं दडवलं, आणि एका वकिलाने ते सोडवलंही.

मराठीत वाचावी की इंग्रजीत?

वेगासाठी मराठी अनुवाद चालतो. ठोकळेबाज वाक्यांची धार अनुवादात थोडी बोथटही होते. घोडं अडतं ते कोड्यांपाशी. रोमन अक्षरं सुटी असतात, ती हवी तशी हलवता येतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी अक्षराला चिकटलेली, जोडाक्षरं वेगळीच. त्यामुळे अक्षरं जुळवून नवीन नाव काढण्याचा खेळ मराठीत उतरत नाही, मूळ इंग्रजी ओळ समोर ठेवावी लागते.

आणखी अवघड आहे लंडनचं कोडं. पोपने पुरलेला सरदार शोधत सगळे आधी टेम्पल चर्चला जातात आणि फसतात. खरा अर्थ 'ए. पोप', म्हणजे कवी अलेक्झांडर पोप, आणि सरदार म्हणजे वेस्टमिन्स्टर ॲबेतला न्यूटन. सगळी गंमत इंग्रजी 'ए' हा 'एक' या अर्थाचा शब्द की नावाचं आद्याक्षर, यावर टेकलेली. मराठीत 'एक पोप' म्हटलं की दुसरा अर्थ मेला आणि 'ए. पोप' म्हटलं की कोडंच फुटलं. तेव्हा जमेल त्याने मराठी वाचताना इंग्रजी प्रत शेजारी ठेवावी, फक्त कोड्यांपुरती.

गोव्यात यावर बंदी होती का?

बंदी आली ती २००६ च्या चित्रपटावर. केंद्रीय सेन्सॉर मंडळाने 'हे काल्पनिक आहे' अशी सूचना घालून प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं होतं, तरी गोवा, पंजाब, नागालँड, तमिळनाडू, आंध्र प्रदेश या राज्यांनी मनाई केली. तमिळनाडू आणि आंध्रची बंदी न्यायालयात टिकली नाही. गोव्याच्या कॅथलिक घरांतल्या वाचकांची प्रतिक्रिया म्हणूनच 'पानं भराभर उलटली' एवढ्यावर थांबत नाही. ज्यांची श्रद्धा या पुस्तकाने कथानकाचा कच्चा माल म्हणून वापरली त्यांची नाराजी आणि साहित्यिक टीका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभिप्राय वाचताना त्यांची सरमिसळ करू नये.

उलगडा : सूत्रधार आधीच ओळखू येतो का?

बऱ्याच जणांना येतो. 'टीचर' या नावाने पडद्याआडून हुकूम सोडणारा सूत्रधार म्हणजे ली टीबिंग. पैसा, अभ्यास आणि ग्रेलचं वेड, तिन्ही असलेलं दुसरं पात्रच पुस्तकात नाही. पाल चुकचुकते ती याच कारणाने.

खरी तक्रार वेगळीच आहे. ज्या खजिन्यासाठी त्याने चार खून घडवले तो घेऊन लँग्डन आपणहोऊन त्याच्याच दारात येतो. एवढा मोठा कट, सोनिएरच्या कार्यालयातलं चोरून ऐकणं, सायलसला फोनवर नाचवणं, आणि शेवटी कामी आला योगायोग. लँग्डन दुसऱ्या कुठल्या मित्राकडे गेला असता तर? पुस्तकाकडे उत्तर नाही.

न्यूटनच्या थडग्याजवळच्या शेवटच्या कोड्याचं उत्तर 'ॲपल'. न्यूटन म्हटल्यावर शाळकरी पोरालाही सफरचंद आठवतं, लँग्डनला मात्र घाम फुटतो. शेवटचं दृश्य त्या मानाने चांगलं जमलंय : लूव्रच्या तळघरातला उलटा काचेचा पिरॅमिड आणि त्याच्या टोकाखाली छोटा दगडी पिरॅमिड. पुस्तक सुचवतं की तो जमिनीत गाडलेल्या कक्षाचं टोक आहे. तो छोटा पिरॅमिड जमिनीवर नुसता ठेवलेला आहे, खाली काही नाही.

याआधीची पुस्तकं वाचावी लागतात का?

नाही. लँग्डन आधी २००० च्या 'एंजल्स अँड डीमन्स'मध्ये येतो, पण दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत. दोन्ही वाचायच्या असतील तर ती आधी घ्या. बांधणी तीच, त्यामुळे दुसरी वाचताना साचा लवकर ओळखू येतो आणि जी पहिल्यांदा वाचाल तीच जास्त आवडते.

किशोरवयीन मुलांना द्यावी का?

२०१६ मध्ये इंग्रजीत किशोरांसाठी वेगळी आवृत्ती निघाली. मूळ पुस्तकात सायलसचं स्वतःला चाबकाने मारून घेणं आणि तळघरातला लैंगिक विधी आहे. पंधरा-सोळा वर्षांपुढे हरकत नसावी, मात्र 'तथ्य' पानाबद्दल आधी सांगून ठेवा.

जुनी प्रत घेताना काय तपासावं?

हे पुस्तक जुन्या बाजारात भरपूर मिळतं. ब्रिटनमध्ये स्वान्सी शहरातल्या ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेच्या दुकानाकडे देणगीत इतक्या प्रती आल्या की 'आता पुरे, दुसरं काही द्या' असं २०१७ मध्ये त्यांना सांगावं लागलं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत फोर्टच्या पदपथावर हाती लागेल ती प्रत मूळ असेलच असं नाही. नकली छपाईत कागद पातळ, मागच्या पानाची शाई पुढे दिसते, आणि समासाची ओळ तिरकी जाते. घेण्याआधी तीन ठिकाणं उघडून बघा : सुरुवातीचं 'तथ्य' पान आहे का, आरशातल्या लिपीचा मजकूर ठसठशीत छापलाय का (नकली प्रतीत तो काळा गोळा होतो), आणि १०५ व्या प्रकरणानंतरचा उपसंहार शाबूत आहे का. शेवटची आठ-दहा पानं गळालेली प्रत घरी नेलीत तर तो उलटा पिरॅमिड तुमच्यापुरता कायमचा अर्धवट राहील.